शनिवार-रविवार, घरची माणसं आणि एक हत्यारपेटी

सुट्टीत घरी काहीतरी बनवायचं ठरलं की बऱ्याच घरांत एकच प्रकार होतो. शनिवारी सकाळी उत्साहात सामान पसरतं, दुपारी माप चुकतं, संध्याकाळी एकटा माणूस खोलीत ड्रिल चालवत बसतो आणि बाकीचे आपापल्या फोनमध्ये शिरतात. रविवारी रात्री अर्धवट कपाट भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. हौसही खरी असते आणि घरच्यांची साथही असते. गणित चुकतं ते काम निवडताना आणि वेळ आखताना.

लाकूडकामात हात चालवायचा वेळ थोडा आणि वाट पाहायचा वेळ बराच असतो. गोंद धरायला वेळ लागतो, वॉर्निश वाळायला वेळ लागतो. हा वाट पाहण्याचा वेळ आधीपासूनच घरच्यांच्या नावावर लिहून टाकला, तर ‘काम की कुटुंब’ अशी ओढाताण होत नाही. पुढची सगळी आखणी याच हिशोबाने केली आहे.

काम कोणतं घ्यावं

प्रत्यक्ष हातकाम पाच तासांच्या आत संपेल असंच काम घ्या. दुसरी अट माझ्या लेखी जास्त महत्त्वाची आहे: त्या कामात दोन माणसं खरोखर लागतील असे निदान तीन-चार टप्पे हवेत. एकाने धरायचं, दुसऱ्याने कापायचं. एकाने माप वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. जे काम एकट्याला आरामात जमतं, त्यात मुलं बाजूला उभी राहून कंटाळतात, आणि मग त्यांना ‘मध्ये येऊ नकोस’ असं ऐकावं लागतं.

म्हणून भिंतीवरचं मोठं शेल्फ, पलंग, दारं असलेलं कपाट ही कामं दोन दिवसांसाठी घेऊ नका. चपलांचा छोटा रॅक चालेल. चिमण्यांसाठी घरटं-पेटीही चालेल. तिचं भोक ३२ मिमी व्यासाचं ठेवतात आणि पुढे बसायला दांडी लावत नाहीत, कारण त्या दांडीचा उपयोग पिल्लांवर टपलेल्या पक्ष्यांनाच होतो. पण पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत हत्यारपेटीला आहे: वर मुठीचा दांडा असलेली, उघडी, हातात उचलून नेता येईल अशी पेटी. सगळे काप सरळ, सांधे सोपे, मापात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी ती निभावून नेते. आणि पुढच्या प्रत्येक कामाला ती लागतेच.

शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास

हा अर्धा तास सोडू नका. सगळ्यांना एकत्र बसवा आणि जुन्या वर्तमानपत्रावर पेटी खऱ्या मापात काढा. कागदावर ४०० मिमी हा आकडा मुलांना काहीच सांगत नाही. जमिनीवर पसरलेल्या चित्रात हातोडी ठेवून पाहिली की लगेच कळतं. सर्वांत लांब हत्यार आडवं बसतंय का, तेही तिथेच ठरवा. करवत बसत नसेल तर पेटीची लांबी वाढवायची की करवत बाहेर टांगायची, हा निर्णय घरातल्या लहानांना घेऊ द्या.

सामान असं लागेल: १२ मिमी जाडीचा, ६०० बाय ६०० मिमीचा प्लायचा तुकडा, २५ मिमी व्यासाचा गोल लाकडी दांडा, ४२४ मिमी लांब, ३ मिमी जाडीचे ३० मिमी लांब १८ स्क्रू आणि ४० मिमी लांब २ स्क्रू, लाकडाचा पांढरा गोंद, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात मिसळणारं वॉर्निश. हत्यारांत टेप, गुण्या, बारीक दातांची हातकरवत, ड्रिल, २ मिमी आणि ३.५ मिमीचे बिट, स्क्रूची डोकी खाली बसवायचा शंकूच्या आकाराचा बिट, २५ मिमीचा चपटा बिट, स्क्रू ड्रायव्हर, कानस आणि जमल्यास दोन क्लॅम्प.

ड्रिलची बॅटरी आत्ताच चार्जिंगला लावा. गोंदाची बाटली उघडून पाहा. जुना गोंद दह्यासारखा फुटला असेल तर तो वापरू नका. या दोन गोष्टींमुळे जितके शनिवार वाया जातात, तितके चुकीच्या मापानेही जात नसतील.

शनिवार सकाळ: आखणी

पाच तुकडे हवेत. तळ ४०० बाय २००. लांब बाजू दोन, ४२४ बाय ११०. टोकाच्या फळ्या दोन, २०० रुंद आणि २६० उंच. टोकाच्या दोन फळ्यांच्या मध्ये तळ बसतो, आणि लांब बाजू या दोघांना बाहेरून झाकतात. म्हणून त्यांची लांबी ४०० अधिक दोन वेळा १२. हा हिशोब मुलांकडून करून घ्या. जाडी धरायची राहिली तर काय होतं, हे त्यांना कागदी पट्ट्यांनी दाखवता येतं आणि ते कायम लक्षात राहतं.

तुकड्याचे कोपरे खरेच काटकोनात आहेत का, ते आधी तपासा. कोपऱ्यापासून एका कडेवर ३०० मिमी, दुसऱ्या कडेवर ४०० मिमी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५०० आलं तर कोपरा सरळ आहे. शाळेत शिकलेला पायथागोरस इथे लाकडावर उतरतो. सातवी-आठवीतल्या मुलाला तो इतका जवळून क्वचितच भेटला असेल.

आता प्लायच्या पूर्ण उंचीत एक उभा काप घ्यायचा, असा की डावीकडे नेमकी ४२४ मिमी रुंद पट्टी राहील. या पट्टीतून वरून खाली २६०, मग २००, मग ११० असे आडवे तुकडे काढा. पहिल्याचे दोन भाग केले की टोकाच्या फळ्या झाल्या, दुसरा ४०० वर छाटला की तळ झाला, तिसरा म्हणजे एक लांब बाजू. दुसरी लांब बाजू उजवीकडच्या उरलेल्या पट्टीतून निघते. तिच्यावरच्या लाकडाच्या रेषा उभ्या येतात, पहिलीच्या आडव्या. डोळ्याला ते खटकत असेल तर थोडा मोठा तुकडा घ्या. मजबुतीत फरक पडत नाही.

सगळ्या रेषा एकदम आखू नका. हातकरवतीच्या पात्याला स्वतःची जाडी असते आणि प्रत्येक कापात दीड-दोन मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जातं. एक काप घ्या, मग पुढची रेषा आखा. टाकाऊ बाजूला पेन्सिलने फुली मारून ठेवा आणि करवत नेहमी फुलीच्या बाजूने चालवा, म्हणजे रेषा आपल्या तुकड्यावर शाबूत राहते.

कापणं

हातकरवत पुढे ढकलताना कापते, त्यामुळे प्लायची चांगली बाजू वर ठेवा. चिरफळ्या खालच्या अंगाला निघतील. विजेच्या गोल करवतीचे आणि जिगसॉचे दात खालून वर येतात, म्हणून त्यांच्यासाठी चांगली बाजू खाली. रेषेवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावरून कापलं तर कड आणखी स्वच्छ निघते.

सुरुवातीला अंगठ्याच्या पेराचा आधार देऊन करवत दोन-तीनदा मागे ओढायची. खाच पडली की अंगठा काढायचा आणि मग लांब, सावकाश हात मारायचे. घाईघाईत आखूड हात मारले की पातं एका बाजूला ओढ घेतं. कान देऊन ऐकलं तर काप संपत आल्याचं आवाजावरून कळतं: भरीव घरघर पोकळ होत जाते आणि तुकडा थरथरायला लागतो. नेमक्या या क्षणी दुसरं माणूस लागतं. सुटणारा तुकडा खालून तळव्यावर अलगद झेलायचा. वर उचलायचा नाही, कारण उचलला तर काप मिटतो आणि करवत अडकते. दहा वर्षांच्या मुलाला हे काम समजावून द्या. तो श्वास रोखून ते करतो, आणि तुकडा हातात आल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

टोकाच्या फळ्यांना वरून निमुळता आकार द्यायचा आहे. तळापासून ११० मिमी उंचीवर दोन्ही कडांवर खूण करा; वरच्या कडेवर प्रत्येक कोपऱ्यापासून ६० मिमी आत खूण करा; खुणा जोडा. दोन्ही फळ्या क्लॅम्पने एकत्र आवळून एकदमच कापल्या तर त्या हुबेहूब सारख्या येतात. तशाच आवळलेल्या असताना वरच्या कडेपासून ४० मिमी खाली, बरोबर मधोमध, चपट्या बिटने दांड्याचं भोक पाडा. बिटचं टोक मागून डोकावलं की थांबा, फळ्या उलटवा आणि त्या बारीक भोकावर टोक ठेवून उरलेलं मागून पाडा. एका बाजूने आरपार नेलं तर मागचा पापुद्रा फाटतो.

कोणाला काय द्यावं

तीन-चार वर्षांच्या मुलांना स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करायला द्या, पॉलिश पेपर द्या, खुणांसाठी रंगीत खडू द्या. सहा-सात वर्षांचं मूल टेप धरू शकतं, माप वाचू शकतं, गोंद लावू शकतं. खिळा ठोकायचा असेल तर तो पकडीत धरून द्या, बोटं लांब राहतात. दहाच्या पुढे हातकरवत आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली बॅटरीचं ड्रिल. विजेची गोल करवत मात्र मुलांच्या हातात द्यायची नाही, कितीही हट्ट केला तरी.

आजी-आजोबांना ‘बसा आणि पाहा’ एवढंच सांगू नका. माप दुसऱ्यांदा तपासायचं काम त्यांना द्या आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय करवत चालवायची नाही असा नियम करा. उभं राहायची गरज नसते, आणि हे काम मानाचं असतं. घरात एखाद्याला लाकडात अजिबात रस नसेल तर त्याला ओढून आणू नका. तो शेजारी बसून वाचत असला किंवा गाणी लावत असला तरी एकत्र वेळ घालवणंच आहे ते.

सुरक्षेच्या बाबतीत सवलत नाही. कापताना आणि ड्रिल चालवताना सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा, बघणाऱ्यांच्याही. केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, ओढणी-दोऱ्या काढून ठेवलेल्या. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका. फिरत्या बिटमध्ये मोजा गुंतला तर हात सोबत ओढला जातो. बारीक धुळीकडेही लक्ष द्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तो धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत दिसून आला आहे, तरी घासताना मास्क लावणं आणि झाडण्याआधी भुसा ओल्या फडक्याने टिपणं अवघड नाही. जमेल तेवढं घासकाम गॅलरीत किंवा अंगणात करा.

शनिवार दुपार: कोरडी जुळणी, मग गोंद

आधी गोंद न लावता पाचही तुकडे उभे करून पाहा. कुठे फट दिसली तर आत्ताच कानशीने दुरुस्त करा. मग भोकं. प्रत्येक कोपऱ्यात लांब बाजूवर दोन भोकं, उभ्या कडेपासून ६ मिमी आत, उंची साधारण २५ आणि ८५ मिमी. लांब बाजूच्या खालच्या कडेपासून ६ मिमी वर तीन भोकं, तळासाठी. टोकाच्या फळ्यांनाही तसंच, पण दोन-दोन. बाहेरच्या तुकड्यातलं भोक ३.५ मिमी, म्हणजे स्क्रू त्यातून सैल जाईल. आतल्या तुकड्याच्या कडेत २ मिमी, म्हणजे आटे पकड घेतील. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घुसवला तर थर उकलतात आणि मग तो सांधा पुन्हा धरत नाही. बाहेरच्या भोकाचं तोंड शंकूच्या बिटने थोडं पसरट करा, म्हणजे स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या आत बसेल.

गोंद लावल्यावर हाताशी पाच-दहा मिनिटंच असतात, म्हणून कोण काय देणार हे आधी ठरवा. एकाच्या हातात गोंद, एकाच्या हातात तुकडे, एकाकडे स्क्रू. पातळ थर दोन्ही कडांना लावा. प्लायची कड गोंद शोषून घेते, एका बाजूला लावून भागत नाही. आधी तळ आणि दोन टोकं, मग लांब बाजू. स्क्रू सगळे अर्धवट बसवून ठेवा.

घट्ट पिळण्याआधी कर्ण मोजा. बाहेरच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ४८० मिमी येईल; दुसरा कर्णही तितकाच यायला हवा. एक जास्त भरला तर त्या लांब कर्णाची दोन टोकं हाताने आत दाबा, पुन्हा मोजा, मग स्क्रू पिळा. स्क्रू हेच क्लॅम्पचं काम करतात, त्यामुळे क्लॅम्प नसले तरी अडत नाही. सांध्यातून गोंदाचे बारीक मण्यांसारखे थेंब बाहेर आले तर प्रमाण बरोबर. ओघळ आले तर जास्त झाला. मी ते थेंब लगेच पुसत नाही. अर्ध्या तासाने ते रबरासारखे होतात, तेव्हा जुन्या पटाशीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडले की अख्खे निघतात. ओल्या फडक्याने पुसताना गोंद आजूबाजूला पसरला तर त्या जागी वॉर्निश शोषलं जात नाही आणि डाग दिसतो.

दांडा दोन्ही भोकांतून सरकवा. घट्ट जात असेल तर पॉलिश पेपरने थोडा घासा. भोकांत गोंद लावा आणि प्रत्येक टोकाच्या फळीच्या वरच्या कडेतून सरळ खाली, आधी बारीक भोक पाडून, एक ४० मिमीचा स्क्रू दांड्यात जाऊ द्या. दांडा आता फिरणार नाही.

इथे हत्यारं ठेवायची. पांढऱ्या गोंदाला पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात, आणि शनिवारची संध्याकाळ सगळी मोकळी आहे. ‘अजून एक छोटंसं’ म्हणून ती खर्च करू नका. फिरायला जा, पत्ते मांडा, एकत्र स्वयंपाक करा, लवकर झोपा. ज्या लहानग्याने दिवसभर तुकडे धरले, त्याला झोपण्याआधी पेटी पाहायची असते. पाहू द्या, फक्त उचलू देऊ नका.

रविवार: घासणं, वॉर्निश आणि मधले रिकामे तास

सकाळी १२० नंबरच्या पेपरने कडा आणि कोपरे गोलसर करा, मग २२० ने सगळीकडे हात फिरवा. प्लायचा वरचा पापुद्रा बऱ्याचदा एक मिलिमीटरही जाड नसतो. पृष्ठभागावर खरखरीत पेपरने जोर लावला तर खालचा थर उघडा पडतो. पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवायचा. मुठीच्या दांड्यावर वेळ घाला, कारण हात तिथेच लागणार आहे. डोळे मिटून बोटं फिरवायला सांगा. मुलांच्या बोटांना खरखर मोठ्यांच्या आधी सापडते.

धूळ टिपून वॉर्निशचा पहिला पातळ हात द्या. पाण्याच्या वॉर्निशने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि वाळल्यावर पृष्ठभाग खरबरीत लागतो. काही बिघडलेलं नसतं. २२० ने हलकेच घासून दुसरा हात द्यायचा. दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, बहुधा दोन-तीन तास.

या तासांत घरातली एक-दोन बारीक दुरुस्ती होऊन जाते. बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरतोय? तो काढा, भोकात गोंदात बुडवलेल्या दोन-तीन काडेपेटीच्या काड्या गुल काढून बसवा, वाळल्यावर वरचं टोक छाटा आणि तोच स्क्रू पुन्हा पिळा. लाकडी खण अडकत असेल तर घासणाऱ्या कडांवर मेणबत्ती चोळा. डुगडुगणारी खुर्ची आधी दुसऱ्या जागी ठेवून पाहा. तिथे स्थिर उभी राहिली तर दोष फरशीचा आहे आणि पाय कापायची गरज नाही. तिथेही डुगडुगली तर पाय छाटायच्या आधी सांधे हलवून पाहा, बहुतेक वेळा एखादा सांधा सैल झालेला असतो. जुना गोंद खरवडून नवा भरायचा आणि दोरीचा फास काठीने पिळून रात्रभर आवळून ठेवायचा.

मात्र सगळेच रिकामे तास दुरुस्त्यांनी भरू नका. निदान एक मध्यंतर असं राहू द्या की ज्यात कोणाला काही करायचं नाही.

पाण्याच्या वॉर्निशऐवजी जवसाचं तेल वापरलं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या फडक्यात ती साठते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी बाहेर मोकळ्या जागी एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात भिजवून धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवा.

गोंद लावून २४ तास उलटले आणि वॉर्निशचा दुसरा हात वाळला की पेटीत हत्यारं भरायला घ्या. जड हत्यारं तळाशी मधोमध, पातळ आणि धारदार हत्यारं बाजूला, टोकं खाली करून. भरली की दांड्याला धरून जमिनीपासून वीतभरच उचला आणि एक-दोनदा हलवून पाहा. कर्रकर्र आवाज आला तर दांड्याचे दोन स्क्रू अर्धा पीळ आवळा. आवाज आला नाही तर खालच्या बाजूला, जिथे झिजणार नाही तिथे, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावं आणि तारीख पेन्सिलने लिहा, आणि नावांवर वॉर्निशचा एक हात देऊन टाका.